लिहून देणार

मी रॅप करते हे आमच्या धायरीत कुणाला सांगितलं की समोरचा आधी लग्नाचं विचारतो. त्यामुळे माझं पहिलं गाणं लोकांनी उचलून धरलं तेव्हा मलाच शंका आली. गाणं होतं पोरापोरींची गाणी गोड बोलून लाटणाऱ्या कंपन्यांवर. आणि महिनाभरात तशाच एका कंपनीचा माणूस तेच गाणं मागायला आला. शिव्या खाऊन खूश होणारा माणूस मला तरी साधा वाटत नाही.

बाणेरच्या कॅफेत तो कॉफीचे घोट घेत म्हणाला, "आपला आवाज प्रामाणिक आहे. आम्ही असाच शोधत होतो." मी म्हटलं, कागद द्या, घरी वाचते.

घरी म्हणजे वडिलांसमोर. गुंठाभर जमीन न वाचलेल्या कागदावर गेल्यापासून ते लाइटबिलसुद्धा दोनदा वाचतात. इंग्रजी करार मी मराठीत सांगत गेले आणि ते खरेदीखत तपासावं तसं ऐकत गेले.

"चतुःसीमा कुठं हाय?"

"आप्पा, गाण्याला पूर्व-पश्चिम नसते."

"मग हे जगभर, कायमचं, म्हंजे काय? हद्दच नाय ह्याला."

बरोबर होतं त्यांचं. त्यांनी लाल पेनाने ते कलम खोडलं. शब्द बदलायचा हक्क खोडला, पुढच्या गाण्यांवरचा हक्कही खोडला. मला मनातून फार अभिमान वाटला त्यांचा. पुढच्या भेटीला वडीलही माझ्याबरोबर त्याच कॅफेत आले. कंपनीच्या माणसाने प्रत्येक खोडाखोडीशेजारी हसत सही केली. घासाघीस नाही, कपाळाला आठी नाही.

"लई लवकर हो म्हणतोय," वडील हळूच म्हणाले. मग आम्ही त्याला बसवून ठेवलं आणि पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा वाचलं. काही सापडलं नाही. मी सही केली.

चार महिन्यांनी वडील रिक्षातून उतरले ते फोन पुढे धरूनच. "सांगितलं नाहीस ते? वाघोलीच्या फ्लॅटची जाहिरात केलीस."

आवाज माझाच होता, गाण्यातला आणि मधल्या बोलण्यातलाही. ओळ संपायच्या आधी अर्धा श्वास घ्यायची खोडसुद्धा माझीच. फक्त मी ते कधी गायले नव्हते.

कागद काढला. पहिल्या कलमाच्या वरचा परिच्छेद आम्ही दोन्ही वेळा सोडला होता. खरेदीखतात तिथे लिहून देणार आणि लिहून घेणार यांचं नाव, वय, धंदा असतो. भानगडी असतात त्या खाली. इथे लिहिलं होतं, कलाकार म्हणजे मी, माझा आवाज आणि त्यावरून यंत्राने तयार केलेला कुठलाही आवाज. खाली 'कलाकाराचा जाहिरातींत वापर' असं होतं, ते आम्ही पोस्टरवरचा फोटो समजलो होतो. गाणं तेवढं माझ्याकडे राहिलं होतं.

मी वडिलांना ते वाचून दाखवलं. त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. कॅफेत त्या माणसाकडे बघत होते तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"मशिन असं गातं व्हय? खरं सांग, बाय. तूच गायलीस ना?"

"मी नाही गायले, आप्पा," मी म्हणाले. आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं, जाहिरातीतली बाई अगदी अशीच बोलत होती.