भिंतीपलीकडचे बांबू

आमच्या टाउनहाउसची आणि शेजारच्यांची भिंत एकच आहे. कॅनडातल्या मिसिसागात स्वतःच्या चार भिंती असणं ही चैन झाली. भिंतीच्या अलीकडे माझा ओटा, पलीकडे त्यांचं गॅरेज. माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना पाठ होत्या आणि त्यांचे बांबू मला.

शेजारी एक फिलिपिनो जोडपं राहायचं. ती वृद्धाश्रमात नर्स, तो एअरपोर्टजवळच्या वेअरहाउसमध्ये. कामावरून आला की तो गॅरेजमध्ये बांबू घेऊन बसायचा. टिनिकलिंग नावाचा त्यांचा नाच आहे. दोन लांब बांबू आडवे धरून दोन टोकांना दोघं बसतात. बांबू एकमेकांपासून लांब ठेवून दोनदा खालच्या फळीवर आपटायचे, तिसऱ्या वेळी एकमेकांवर. टक, टक, खट. नाचणारीनं मधल्या जागेत पाय टाकायचा आणि खट व्हायच्या आत काढायचा, नाहीतर घोटा गेलाच म्हणून समजा. त्यांच्या भातखाचरातला एक पक्षी सापळ्याचे बांबू असेच चुकवत चालतो म्हणे. सुरुवात संथ, मग वाढत वाढत इतकं जलद की बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, आणि तिथेच नाच संपतो.

सरावाला दुसरं टोक धरायला कुणी नसलं की तो ते विंटर टायरवर टेकवायचा आणि बायको सॉक्सवर नाचायची. दर उन्हाळ्यात त्यांच्या लोकांचा पार्कात कार्यक्रम असतो, त्यात या दोघांचा नाच शेवटचा. एरवी फोनमधून मान वर न करणारी पोरंसुद्धा तेव्हा उभी राहून टाळ्या वाजवायची. ती एकदा मला म्हणाली होती, "या शहराला आम्ही नर्सा आणि आया म्हणूनच माहीत आहोत. त्या एका दिवशी आम्ही नाचणारे असतो."

गेल्या पानगळीत तो कामावरच कोसळला आणि गेला. तिनं गॅरेज बंद केलं ते केलंच. गाडी बाहेर बर्फात, रोज सकाळी शोव्हलनं बर्फ उपसायची, पण ते दार उघडायची नाही. यंदा आपण नाचणार नाही, असंही तिनं त्यांच्या मंडळींना कळवून टाकलं. तरुण मुली तिच्याकडेच शिकलेल्या. ती नाही तर नाचच नाही, अशी सगळ्यांची अवस्था झाली.

ऐन थंडीत एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि भिंतीतून आवाज आला. टक, टक, खट. अगदी संथ. माझे हात परातीत तसेच राहिले.

नवऱ्याला सांगितलं. तो इंजिनिअर, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. आधी म्हणाला, हीटिंगचा फर्नेस वाजतोय. मग डक्टमध्ये काहीतरी लूज आहे म्हणून बेसमेंटमध्ये स्क्रू आवळून आला. शेवटी म्हणाला, कोरड्या हवेत बांबू तडकतात. तडकत असतील, पण तालात? माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी संध्याकाळी देवापुढचा दिवा मी ओट्यावर आणून ठेवायला लागले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

हे शेजारणीला सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला. तिच्या दुःखावर आणखी डागणी कशाला? पण एक दिवस ती माझा डबा परत द्यायला आली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. ती दचकली नाही. तिनं एवढंच विचारलं, "संथ, की जलद?"

संथ, मी म्हटलं. ती दारातल्या बुटांमध्येच खाली बसली.

"म्हणजे तो वाट बघतोय," ती म्हणाली. "मी आत पाय टाकल्याशिवाय तो वेग वाढवायचा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आते, मला का नाही ऐकू येत?" आते म्हणजे त्यांच्यात ताई.

त्यानंतर ती कामावरून परतताना माझ्याकडे यायची आणि मसाल्याच्या रॅकशेजारी भिंतीला कान लावून उभी राहायची. मला ऐकू यायचं, तिला नाही. उपाशी माणसासमोर बसून जेवावं तशी मला लाज वाटायची. एकदा नकळत माझी बोटं ओट्यावर तो ताल वाजवायला लागली. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं पायातल्या सपाता काढल्या आणि शेगडी नि फ्रिजच्या मधल्या जागेत पहिला पाय टाकला. ती रडत होती, पण पाय चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेज उघडलं. एका बांबूला लांब चीर गेली होती, तिला आम्ही टेप गुंडाळली. नवरा म्हणाला, बघ, मी सांगत होतो. मी भांडले नाही. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात तिच्या नवऱ्याचं टोक मी धरायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. शाळेतल्या लेझमीपलीकडे माझी मजल नाही आणि गुडघे तर केव्हाच संपावर गेलेत, हे सगळं मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, त्याचा ताल फक्त तुलाच येतो.

पार्कात मी बैठक मारून बसले. सुरुवात संथ केली. पुढे वेग मी वाढवला नाही, माझे हात ओढले गेले. समोरचं टोक धरलेल्या मुलीला वाटलं मीच ओढतेय, तिला वाटलं तर वाटू दे. शेजारीण आत, बाहेर, आत, एका पायावर गिरकी, आणि सगळा पार्क उभा. त्या गर्दीत तिच्या वृद्धाश्रमातल्या दोन म्हाताऱ्या व्हीलचेअरवर आल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. मला डोळ्यांतल्या पाण्यानं धड दिसत नव्हतं.

बांबू नाचाच्या मुलींनी त्यांच्या मंडळाच्या हॉलवर नेले. गॅरेज रिकामं झालं. मला वाटलं, सुटले एकदाची.

सोमवारी संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि भिंत वाजायला लागली. आता तडकायला बांबूही नव्हते. आणि आवाज जलद होता, इतका की माझी बोटं त्यामागे धावू शकेनात. तेवढ्यात ती आलीच. म्हणाली, "आज?"

खोटं बोलता आलं असतं. "जलद," मी म्हटलं.

जलदनंतर काय येतं, ते दोघींनाही माहीत होतं. मी गॅस बंद केला. तिनं भिंतीवर दोन्ही तळहात टेकले. तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मग मला कळावं म्हणून तेच इंग्रजीत म्हणाली.

"सावकाश," ती भिंतीला म्हणाली, "माझा पाय अजून आत आहे."