नाळेची वाट

भूत, चकवा, बाहेरची बाधा... असलं काही सांगणाऱ्यांशी मी आजवर भांडतच आलोय. वडील शिक्षक. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं जास्त. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

मी सीमाभागातल्या, कन्नड मुलखातल्या चिटगुप्प्याचा. नोकरीसाठी चार वर्षं पुण्यात होतो. ट्रेकिंगचं वेड तिथे लागलं आणि त्याचा संतापही तिथेच आला. माथ्यावर फोटोसाठी रांग! यादीत टिक करायची, बाटलीवर स्टिकर चिकटवायचा, की चालले पुढच्या किल्ल्याला. पायथ्याला कोण राहतं, रानात काय उगवतं, कुणाला पडलेलं नाही. 'यादी फाडा, रान पाहा' असं पत्रक काढून मी ते पायथ्याला वाटलंही होतं.

माझा मावसभाऊ सचिन, उदगीरचा, यादीवाल्यांपैकीच. एकसष्ट किल्ले झालेले. गेल्या मार्चअखेर तो बासष्टाव्याला निघाला होता. मीच हट्टाने त्याला चिंचोळीच्या रानात नेलं. मावशीला म्हणालो, "संध्याकाळी जेवायला घरी."

"ह्या टेकाडाला नाव तरी हाय का?" चढताना सचिनने विचारलं.

"नाही. म्हणूनच आणलंय."

"मंग लोकान्ला काय सांगू? आन् तू चढायलास का पत्रक वाचायलास? जरा गप चल की!"

दुपारी एकच्या सुमाराला पलीकडच्या कडेला पोचलो. खाली कोरडा ओढा, त्याच्या टोकाला शेतं. उतरायला नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, शोधत होतो. तेवढ्यात सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी दिसली. खाली वाट आहे का, असं मी कन्नडमध्ये विचारलं.

"नाळे बा, तम्मा," ती म्हणाली आणि चालू लागली.

"बघ! नाळेनं ये म्हणतेय."

समोर नाळ होतीच. उतरलो. शेवटी दीड पुरुष उंचीचा गुळगुळीत दगड — उडी मारली. परत वर चढणं शक्य नव्हतं, पण खाली जायचंच होतं. सचिनची बाटली संपली होती, ती त्या दगडापाशीच राहिली.

वीस मिनिटं ओढ्यातून उतारानं चाललो. दोन्ही बाजूंना सरळ कडे. वळण घेतलं... आणि समोर तो दगड. खाली बाटली. स्टिकरांनी भरलेली.

"दुसऱ्या कुणाची असंल," सचिन म्हणाला.

"आणि एकसष्ट स्टिकरही तुझ्याच किल्ल्यांचे?"

पुन्हा निघालो. या वेळी मी डाव्या कड्यावरचा हात सोडला नाही. फाटा नाही, चढ नाही... आणि पुन्हा बाटली. तिसऱ्यांदाही तेच. ओढा खाली जातो हो! खाली जाणारा ओढा वर कसा येईल?

चौथ्या खेपेला सचिन बसला. ऊन कड्यांमध्ये कोंडलं होतं. त्याला घाम येणं थांबलं होतं, ओकारी झाली, बोलणं अडखळायला लागलं. माझ्या बाटलीत दोन घोट. फोनला रेंज नाही.

"आई वाट बघत असंल रे... मला हितं कामून आणलास?"

आणि तेव्हाच म्हातारीचे ते शब्द पुन्हा ऐकू आल्यासारखे झाले. नाळे. कन्नडमध्ये नाळे म्हणजे उद्या! कन्नड शाळेत शिकलेला, कन्नडमध्येच प्रश्न विचारलेला मी... डोक्यात ट्रेकवाल्यांची नाळ होती, म्हणून तीच ऐकली.

म्हातारी म्हणाली होती, "उद्या ये."

"आता चालायचं नाही," मी म्हणालो. "उद्यापर्यंत."

"येडा झालास का? मरू की हितं!"

तरी मी उठू दिलं नाही. सावलीत त्याला निजवलं, थेंबाथेंबानं पाणी पाजलं, शर्टानं वारा घालत राहिलो.

उजाडल्यावर त्याला धरून त्याच ओढ्यातून, त्याच दिशेनं निघालो. दोनशे पावलं. बांध लागला, शेत लागलं, आणि एका बाईनं कळशीच पुढे केली.

फोनवर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू राहिला होता. त्यात आमची रेघ पुढेपुढेच जाते, कुठेच मागे वळलेली नाही. आणि नकाशावरच्या अख्ख्या ओढ्याहून कितीतरी लांब आहे. फोन चुकला असेल, उन्हानं आमची डोकी फिरली असतील — सगळं धरून पाहिलं. जुळत नाही.

सचिन सावरला. डॉक्टर म्हणाले, अजून चालला असता तर हातचा गेला असता. परवा त्यानं विचारलं, "त्या वक्ताला तू थांबलास कामून रे?"

मी म्हणालो, ऊन लागलेल्या माणसाला चालवू नये म्हणून.

खरंच आहे ते. पण त्या वेळी ते माझ्या डोक्यात नव्हतं.