मामीच्या हाताचं मेंटेनन्स

माणूस ही एक कंपनी आहे आणि देवाने तिचं मेंटेनन्स खातं फार ढिसाळ ठेवलं आहे, असं ठाम मत असलेला एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला. महाळुंग्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्यभर मशिनी दुरुस्त करून मामा निवृत्त झाले, तेव्हा चिखलीच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंखे आवाज करायला घाबरत. डाळीच्या डब्यांपासून देवघराच्या कडीपर्यंत सगळ्यावर लेबलं लागलेली. अशात एका सकाळी चहाचा कप उचलताना मामीचा उजवा हात बंद पडला.

अर्धांगाचा झटका होता, पण हलका, असं डॉक्टर म्हणाले. पाय महिनाभरात चालू लागला. बोलणं तर एक दिवसही थांबलं नाही. "तेवढं थांबलं असतं तर ह्यांना जरा रजा मिळाली असती," हेही मामीच म्हणायची. हात मात्र मूठ आवळून बसला. मामीला फार काही नको होतं. चिमटीत मीठ धरून आमटीत टाकता यावं, एवढंच. मामा चमचा सपाट करून मीठ मोजत, आणि तिच्या मते ती आमटी कॅन्टीनची लागे. मामांनी हे म्हणणं ब्रेकडाउनच्या तक्रारीसारखं वहीत उतरवलं आणि मला फोन केला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. "पोरी, माणसाचं मॅन्युअल हाय का तुमच्याकडं? पार्टांच्या नावासकट पायजे."

मी शरीररचनेचं एक जाडजूड पुस्तक आणि स्नायूंचा तक्ता नेऊन दिला. त्यानंतर मामांच्या तावडीतून कुणाचाही सांधा सुटला नाही. कोपर म्हणजे बिजागरी, हे त्यांना पटकन पटलं. खांद्याचा गोळा वाटीत किती सैल बसतो ते वाचून मात्र ते हादरले. "एवढा लूज फिट मी ठिवला असता तर सायबानं गेटच्या आत घेतलं नसतं!" गुडघ्याबद्दल त्यांचं मत इतकं वाईट होतं की पाहुणा मांडी घालून बसू लागला की ते डोळे मिटून घेत. स्नायूंची नावं मात्र काही केल्या लक्षात राहीनात. फ्लेक्सर पोलिसिस लॉन्गस हे एकच नाव पाठ व्हायला आठवडा गेला. "ज्यानं ही नावं ठिवली त्याला बारशाला बोलवू नये," म्हणत त्यांनी कारखान्यातला उपाय काढला. पक्क्या शाईचं मार्कर घेतलं आणि स्वतःच्या डाव्या हातावर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत लेबलं लिहून काढली.

त्याच आठवड्यात निघोज्याला पुतण्याची हळद होती. नवरदेवाच्या काकालाही हळद लावायची म्हणून मामांचा सदरा उतरवला आणि बायका एकमेकींना वाचून दाखवू लागल्या. थोरल्या आत्याबाईंना वाटलं, गोंदवून आलाय. त्यांनी चष्मा लावून सगळा हात तपासला.

"काय रं, या वयात एवढी नावं गोंदलीस, आन बायकोचं कुठं हाय?"

"आत्या, तिच्यापायीच तर समदं चाललंय," मामा म्हणाले, आणि लाजून सदरा मागू लागले.

मग ते मामीच्या हाताकडे वळले. चिमूट धरायची म्हणजे बोटं मिटता यायला हवीत, असा त्यांचा हिशेब. तक्ता बघून तिच्या मनगटामागच्या स्नायूंवर रोज सकाळी दोन बोटांनी टकटक करायची आणि "मीट, मूठ मीट" असा हुकूम सोडायचा, असं पंधरा दिवस चाललं. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या ताईंनी ते पाहिलं आणि त्या हसू लागल्या. मूठ मिटणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात. मामांनी तक्त्याची मागची-पुढची बाजूच उलटी धरली होती. मामा ऐकेनात. "ताई, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुठली बाजू कशी बघायची त्याची खूण लागती. तुमच्या ड्रॉइंगवर ती न्हाईच. चूक कुणाची?"

"चूक तुमचीच काका, पण असू द्या. मूठ मिटलेलीच आहे, आपल्याला ती उघडायची आहे. आणि उघडणारे स्नायू मागेच असतात. तुम्ही चुकून बरोबर जागी वाजवताय. फक्त हुकूम बदला."

"आगं बाई," मामी म्हणाली, "म्हंजी पंधरा दिस मी ह्यांचा उलटा हुकूम ऐकत हुते व्हय?"

ताईंनी आणखी एक गोष्ट समजावली. स्नायू ठणठणीत आहेत, मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही. "म्हंजी मोटर चांगली, पॅनल गेलंय," मामा म्हणाले. नवा रस्ता पडायचा तर तेच काम हजारदा करून घ्यायला हवं, असं ताई म्हणाल्या. दुसऱ्या माणसाचा धीर सुटला असता. मामांनी हजार चौकोनांचा कागद आखून पलंगाशी टांगला. एका ताटलीत नट ओतले. आधी अंगठ्याएवढे जाड, मग बारीक, मग हरभऱ्याएवढे. मामी एकेक उचलायची, पाडायची, मामांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायची. मामा टकटक करत त्या त्या स्नायूचं नाव घेऊन हाक मारायचे, नट उचलला गेला की चौकोनात खूण करायचे.

हरभऱ्याएवढा नट उचलायला दहा महिने लागले. त्यानंतरच्या एका रविवारी मी तिथेच होते. मामी गॅसपाशी उभी राहिली, मिठाच्या डब्यात हात घातला आणि चिमूट आमटीवर नेली. बोटं उघडली. मीठ पडलं की नाही, याची तिची तिलाच खात्री वाटेना, म्हणून आणखी टाकलं. आणि मग हात चालतोय या आनंदात टाकतच राहिली. मामांनी दोन वाट्या आमटी खाल्ली. "मीठ?" तिने विचारलं. "बेताचं हाय," ते म्हणाले, आणि दुपारभर माठापाशी बसून राहिले.

पुढे चार महिन्यांनी मामा झोपेतच गेले.

परवा मी मामीकडे गेले होते. सकाळची वेळ. ती डाव्या हाताची दोन बोटं उजव्या हातावर टेकवत वर सरकत होती आणि प्रत्येक ठिकाणी एकेक नाव घेत होती. पुस्तकातली ती लांबलचक नावं, चौथी शिकलेली मामी न अडखळता म्हणत होती.

"मामी, तू हे पाठ कधी केलंस?"

"पाठ कशाला करू? ते रोज हितं बोट ठिवून म्हणायचे. बोट लागलं की नाव येतंय."

कोपराच्या थोडं खाली तिचं बोट थांबलं. मला वाटलं, विसरली.

"ह्याचं नाव त्यांनला कवाच आलं न्हाई," ती म्हणाली. "हितं आलं की नुसतं 'हां' म्हणायचे."

तिने त्या जागी जरा जास्त वेळ बोट ठेवलं, "हां" म्हणाली, आणि पुढच्या नावावर गेली.