परक्या बाईला सांगितलेली गोष्ट

लॉन्ड्रीत तिला सगळे रेडिओ म्हणायचे. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, की सकाळी आठला सुरू झालेलं तोंड शेवटची कॉलर कडक होईपर्यंत बंद होत नसे. घरी मात्र तिची बोलती बंद. नवरा छापखान्यात मशीनवर होता. दिवसभर खडखडाट ऐकून यायचा आणि ती दोन वाक्यं बोलली की म्हणायचा, "गप्प बस गं जरा." बत्तीस वर्षं हेच. ती गप्प बसायची आणि आतल्या आत धुमसायची.

मग त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय वाचले, वाचा वाचली, पेपरही वाचता येऊ लागला. गेले ते चेहरे. नाक दिसे, डोळे दिसत, हनुवटीवरचा तीळसुद्धा तो बरोबर दाखवी. पण हे सगळं मिळून माणूस कोण, ते त्याला कळेना. आवाज ऐकला की मात्र लगेच ओळखायचा. नातेवाइकांना खेळच मिळाला. एकानं तोंड घट्ट मिटून त्याच्यापुढे बसायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, "सांग पाहू, कोण आलंय?" थोरल्या नणंदेला तर तिनं हातातल्या कपासकट उठवलं. "माणूस आहे तो! तमाशा लावलाय का इथं?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटांना तारा लावल्या आणि पडद्यावर एकेक फोटो दाखवला. अनोळखी चेहऱ्यांना मशीनवरची रेघ सरळ. तिचा फोटो आला. "ही बाई कोण, माहीत नाही," तो म्हणाला, आणि रेघ टुणकन वर उडाली.

"बघा," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, "आत कुठेतरी ओळख आहे. फक्त ती त्यांच्या जाणिवेपर्यंत पोचत नाही."

"मग पोचवा ना! एवढं शिकलात कशाला?"

पुढचा फोटो छापखान्याच्या मालकाचा होता. ह्यानंच त्याला कामावरून काढलं होतं. रेघ तिच्या फोटोच्या वेळेपेक्षा दुप्पट उडाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, की आत काहीतरी हललं एवढंच रेघ सांगते, मायेनं की रागानं ते नाही. म्हणजे माझ्यासाठी काय हललं, तेही कुणी सांगणार नाही! तिला तेवढंच तर हवं होतं.

ती कामावर असली की शेजारच्या बायका आळीपाळीनं त्याच्याजवळ बसत. दुसऱ्या दिवशी कामावरून येताच तिनं शेजारणीला खुणेनंच घरी पाठवलं आणि रागारागानं, एक अक्षर न बोलता, समोरच्या खुर्चीत बसली. बघूच याचं काय होतं ते.

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नीट सावरून बसला.

"आमच्या हिची यायची वेळ झाली," तो म्हणाला. "ती आली की जा तुम्ही."

तो दाराकडे बघत पुढे बोलू लागला.

"घर कसं खायला उठतंय. मशीनचा वैताग मी तिच्यावर काढला हो. जन्मभर गप्प केलं तिला. आता कुणी दारात येऊन बोललं नाही, की भीती वाटते मला. चुकलंच माझं. तिला सांगू नका हं."

"का नाही सांगायचं?"

तो दचकला. "तू?"

"मीच! बत्तीस वर्षांत माझ्याशी असं एक वाक्य बोलला नाहीत, आणि आज शेजारणीपुढे मन मोकळं करताय? मी काय मेले होते?"

त्यानं मान खाली घातली. "तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"आहे त्याच तोंडानं सांगा. पहिल्यापासून सांगा. आणि खाली नाही, माझ्याकडे बघून."

त्यानं वर बघितलं. त्याच्या नजरेत अजून ती परकी बाईच होती. तिला ते स्वच्छ दिसलं, आणि तिचा राग तसूभरही उतरला नाही. तो चाचरत सांगू लागला.