आईसाठी आणलेला ट्रक

पाटणला आलो त्या आठवड्यात एकच प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारला असेल. दूधवाला, न्हावी, पोस्टातला कारकून, सगळ्यांचा तोच. "कुठलं म्हनायचं?" मी सांगली म्हणायचो. तेवढ्यानं भागायचं नाही. "सांगली झालं, पर मूळ गाव?" मूळ गाव असं आम्हाला नव्हतंच. आजोबा कुठून तरी येऊन सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला लागले, त्यामागचं कुणाला ठाऊक नाही. मी तसं सरळ सांगायचो. समोरचा माणूस मी काहीतरी लपवतोय अशा नजरेनं मान हलवायचा.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात होतो. नदीची पातळी बघायची, आकडे वर कळवायचे, हे काम. बिऱ्हाडात बायको, दोन मुली आणि आई. सांगलीची भाड्याची खोली आम्ही सोडूनच आलो होतो. वडील गेल्यापासून चुलतभावांशी बोलणं नव्हतं. मागे परत जावं असं तिथे काही उरलं नव्हतं.

भिंतीला भिंत लागून सुभेदारांचं घर. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, थोडी शेती, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची पेटी स्वतः उचलून आत ठेवली आणि माझ्या आईला वाकून नमस्कार केला. मला ते 'भाऊ' म्हणायचे. त्यांची बायको आईला 'आत्ती' म्हणायची. वर्षभरात आमच्या मुली त्यांच्या घरी जेवायला लागल्या आणि त्यांची पोरं आमच्याकडे अभ्यासाला. चहाची वेळ झाली की सुभेदार भिंतीवरून हाक मारायचे, "भाऊ, या रं लौकर, च्या निवतोय."

आई माझ्याआधी पाटणची झाली. त्या आळीत एक रीत होती. कुणाच्या घरी मयत झाली की कुणाला सांगावं लागायचं नाही, प्रत्येक घरातून सरणासाठी पाच शेणी, म्हणजे वाळलेल्या गोवऱ्या, मयताच्या दारात आणून ठेवायच्या. श्रीमंतानं पाच, गरिबानंही पाच. अंगणात शेणींचा ढीग झाला की गाडी भरून नदीवर न्यायची. पहिल्या वर्षी अशी मयत झाली तेव्हा आईनं सुभेदारांच्या बायकोला विचारलं, "आमच्यात जनावर नाही. आम्ही काय द्यायचं?"

"तुमाला न्हाई द्यावं लागत, आत्ती. तुमी भाड्यानं ऱ्हाता न्हवं?"

"भाड्यानं राहते म्हणून भाड्यानं मरणार व्हय मी?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती सुभेदारांच्या गोठ्यातलं शेण मागून आणायला लागली. पन्नाशी उलटलेली, जन्म शहरात गेलेला. तिच्या शेणी सुरुवातीला वेड्यावाकड्या व्हायच्या आणि आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "सांगलीची भाकरी करपली बगा, आत्ती!" पण परसात तिनं शेणींची व्यवस्थित रास रचली आणि पुढे एकाही मयतीला तिच्या पाच शेणी चुकल्या नाहीत. मीही एकही मयत चुकवली नाही. कचेरीतून रजा घेऊन गेलो, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. आपण देतो ते आपल्याला मिळेल असा व्यवहार मनात नव्हता. तरी आपण त्या आळीच्या पटावर आहोत, एवढं मी धरून चाललो होतो.

शेवटच्या वर्षात आई फार थकली. एक दिवस ओट्यावर बसल्या बसल्या ती सुभेदारांना म्हणाली, "मला आता कुठं हलवायचं नाही. माझं सगळं हितंच करा, तुमच्या हातानं."

सुभेदार म्हणाले, "आवं आई, काय बोलताय! तुमाला अजून लय वरसं हायेत."

आम्ही सगळे हसलो. ते 'व्हय' म्हणाले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? आकड्यात एक शून्य गळालं तर मला दिसायचं. हे दिसलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी आई गेली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. बायकोच्या ओरडण्यानं आळी गोळा झाली. सुभेदार आले, माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि "आलोच" म्हणून निघून गेले. मला वाटलं बांबू तोडायला गेले.

बायका आत रडत होत्या, मनापासून रडत होत्या, त्याबद्दल माझी शंका नाही. पुरुष बाहेर उकिडवे बसले होते. ऊन अंगणात आलं. पण दारात एकही शेणी आली नव्हती. मी दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होतो. बायकोनंही बघितलं. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघांनी मान फिरवली.

मग आळीच्या तोंडाशी ट्रकचा आवाज आला. उसाचा ट्रक. मागे मागे येत आमच्या दारात लागला. हौद्यात पेंढा अंथरला होता, त्यावर धुतलेली सतरंजी, वरून ताडपत्री. सुभेदार ड्रायव्हरच्या शेजारून उतरले. अंगात फौजेतला कोट.

"चला भाऊ," ते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत सांगली गाठाय पायजे. हंगामात ट्रक कोन देतंय? लय हातापाया पडलो तवा मिळाला."

"सांगली कशाला?"

"म्हंजी? आईस्नी न्ह्याचं न्हवं?"

"सांगलीत कोण आहे आमचं? तुम्हाला माहीत आहे, सुभेदार. तिनं तुम्हाला सांगितलं होतं."

ते गोंधळले. खरंच गोंधळले. बसलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "मानूस आपल्या मातीत गेल्यालं बरं असतंय, सायेब." दुसऱ्यानं मान डोलावली. तेव्हा मला कळलं की हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. ठरवताना मला विचारावं असंसुद्धा कुणाला वाटलं नव्हतं, इतकं ते त्यांना उघड होतं.

"ती इथलीच आहे," मी म्हणालो.

सुभेदार जवळ आले, आवाज खाली आणला. "राग मानू नका भाऊ. हितं तुमची भावकी न्हाई. मागं सुतक कोन धरनार? दहाव्याला कोन हुबं ऱ्हानार?"

"तुम्ही."

मग त्यांनी वळून बसलेल्यांकडे बघितलं. मला उत्तर देण्याआधी त्यांना त्यांच्याकडे बघावं लागलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हितं राख सोडली तरी पानी सांगलीलाच जातंय की," आणि एकजण फिसकन हसला. त्या माणसाच्या वडिलांना मी खांदा दिला होता.

"खांदा आमी देऊ," सुभेदार शेवटी म्हणाले. "खांद्याला कुनाला न्हाई म्हनत न्हाई आमी."

त्या 'कुनाला'त आम्ही होतो.

बायको आतून बाहेर आली. तिनं डोळे पुसलेले होते. ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी माघारी न्या. आम्हाला नको." आणि परसात जाऊन आईच्या राशीतल्या शेणी पदरात भरून आणायला लागली. दोन्ही मुली तिच्या मागे. एका खेपेला तिघी, दुसऱ्या खेपेला तिघी. आळी बघत होती. तिसऱ्या खेपेला सुभेदारांची बायको उठली, घरी गेली आणि रडत रडत पाच शेणी घेऊन आली. मग बाकीच्याही उठल्या. ढीग झाला. कुठल्याही मयतीला व्हायचा तेवढाच झाला. पण आमच्या दारात तो माझ्या बायकोला आणि पोरींना सुरू करावा लागला होता.

एरवी तिरडीच्या पुढच्या बाजूला मी आणि सुभेदार असायचो, दोघे सारख्या उंचीचे. त्या दिवशी मडकं माझ्या हातात होतं, मी पुढे चाललो होतो. माझ्या जागी कुणी बुटका माणूस लागला. "वर घे रं, कलतंय," असं सुभेदार नदीपर्यंत म्हणत होते. मी वळून बघितलं नाही.

सुतक आम्ही चौघांनी धरलं. सुभेदार सावडायला आले, दहाव्यालाही आले, जेवण पाठवत राहिले. माणूस म्हणून मी आजही त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. वैऱ्यानं केलं असतं तर त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो.

फाल्गुनात एकदा ते आले आणि म्हणाले, "भाऊ, वढ्याकडची माझी जागा हाय, तुमी घ्या. घर बांधा. मग कायमचं हितलंच झाला."

मी त्यांना बसायला सांगितलं. बायकोनं चहा ठेवला. मी म्हणालो, "एक विचारतो, खरं सांगा. घर बांधलं, वीस वर्षं राहिलो, आणि त्या घरात मी गेलो. तर मला कुठं न्याल?"

सुभेदार खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ विचार केला. मला वाटत होतं, त्यांनी विचार करू नये. पटकन बोलावं.

"तुमी सांगून ठेवाल तितं," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

'हितं' म्हणाले असते तर मी त्याच दिवशी जागा घेतली असती. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी बदलीचा अर्ज दिला. कुठे हवी या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून तो मोकळा सोडला.