काठावरचे अण्णा

पोहण्याचा तास असला की अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून विहिरीच्या काठावर उभे राहत. गळ्यात शिट्टी, हातात दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या शाळेचा एखादा स्काऊट, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला. "पाय मार बे! पाणी काय चावतंय का?" हा आवाज वडवणीच्या बाजारापर्यंत जात असावा.

विहीर अण्णांचीच. सरपंचपद गेल्यापासून त्यांना कुठलं तरी पद हवंच होतं, म्हणून पोहण्याच्या बॅजचं शिक्षकपद त्यांनी मागून घेतलं. पात्रता विचारली तर म्हणाले, "सर, सिंदफणेच्या पुरातून म्हैस काढलेला माणूस हाय मी." मुलांना सांभाळायला पाण्यात मी असे. अण्णांचं धोतर मात्र कधी भिजलं नाही. इमरान नावाचा मुलगा बरेच दिवस पायरीच सोडत नव्हता. "कावून भेतो बे?" म्हणत अण्णांनी त्याला पार रडकुंडीला आणलं होतं. शेवटी तोही शिकला.

मग जिल्ह्याहून सूचना आली. बॅज शिकवणाऱ्याने ते कौशल्य आधी स्वतः परीक्षकासमोर करून दाखवायचं. अण्णांना लगेच सर्दी झाली. सर्दी गेली तर कंबर धरली. मी घरी गेलो. काकू चहा ठेवून आत गेल्या, तसा अण्णांनी आवाज खाली आणला.

"सर, म्हशीचं खरं सांगू का? म्हशीनंच मला काढलं. मी नुसतं शेपूट धरलं होतं."

मला हसू आवरेना. दुसरा शिक्षक सहज मिळाला असता. पण शिट्टी काढून घेतली असती तर हा माणूस जेवला नसता.

"मग शिका," मी म्हणालो.

"या वयात? कोन शिकवनार मला?"

"तुमचीच पोरं."

पाठीला दोन डबे बांधून अण्णा पायऱ्या उतरले. दोरी इमरानच्या हातात होती. पाणी पोटाला लागताच अण्णांनी पायरी गच्च धरली. काठावर पोरं ओठ दाबून उभी. इमराननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खच्चून ओरडला, "पाय मार बे! पाणी काय चावतंय का?"

अण्णांना इतकं हसू आलं की हात सुटला.

परीक्षेत त्यांनी विहीर पार केली, परीक्षकांना नखशिखांत भिजवून. पुढच्या बाजाराला ते स्काऊटचा स्कार्फ बांधूनच गेले.

नव्या तुकडीत पुन्हा एक पोरगं पायरीला चिकटलं. आता आरोळी येणार म्हणून मी कानावर हात ठेवले. अण्णांनी शिट्टी काढून माझ्याकडे दिली, इस्त्रीच्या सदऱ्यासकट पाण्यात उतरले आणि त्याच्या शेजारी बसले.

"लई भ्या वाटतं न्हाई? मला बी वाटतंय. बसू थोडं."

त्या दिवशी तासभर दोघे नुसते बसून होते.

अण्णा आता नाहीत. शिट्टी माझ्याकडेच राहिली. घाबरलेलं पोर दिसलं की मी ती खिशात टाकतो आणि पायरीवर जाऊन बसतो.