मुनिरकाच्या बालवाडीत जुईचे हात सुटले

खोटं कशाला बोलू, फेब्रुवारीत दिल्लीला गेले ती छोले खायला आणि स्वस्त जॅकेट घ्यायला. पुण्याहून ट्रेन, निजामुद्दीनहून ऑटो. ताई सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, म्हणजे हॉटेल वाचलं. तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा, मार्केट बंद असतं.

पहिल्याच नाश्त्याला हादरले. ताईची जुई चार वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, कानाला मशीन आहे. तिने पराठ्याकडे हात केला, तर ताईने तिचे दोन्ही हात मुठीत धरले. “बोलो बेटा, पराठा.” जुई लालबुंद. मी विचारलं, हे काय चाललंय? स्पीच थेरपिस्टने सांगितलंय म्हणे, खुणा केल्या की मूल बोलायचा आळस करतं. आणि घरात एकच भाषा ठेवा, हिंदी. म्हणून ताई आणि भावजी मराठी बोलतात ते किचनमध्ये, हळू आवाजात, चोरून सिगरेट ओढल्यासारखं. दोन वर्षं. जुईला येतात चार शब्द.

दुसऱ्या दिवशी मुनिरकाला गेलो. तिथल्या एका बालवाडीने जुईला घेऊन बघायला बोलावलं होतं, तिला तिथे घालायचं की नाही ते ताईच ठरवणार होती. ऑटोवाल्याने शंभर घेतले आणि मेन रोडलाच उतरवलं, आत गल्ल्या फार अरुंद. तळमजल्यावर एकच खोली, पंधरा-वीस मुलं, काही ऐकणारी, काही न ऐकणारी. दोन टीचर. एक हिंदीत बोलते, दुसरी बहिरी आहे, ती तेच हातांनी सांगते. गोष्ट संपली की सगळी मुलं हात वर करून हलवतात, ती टाळी.

ताईने सवयीने जुईचे हात धरून ठेवलेले. बहिऱ्या टीचरने ते बघितलं, हातांनी काहीतरी सांगितलं. बोलणाऱ्या टीचरने ते शांतपणे हिंदीत सांगितलं, “दीदी, आपने इसका मुँह पकड़ रखा है।”

ताईने हात सोडले.

दोन तासांनी ताईने जुईला बोलावलं, चल, घरी जायचं. जुईने बोटांनी काहीतरी केलं. ताईला कळेना. शेजारची दोन वेण्यांवाली, ऐकणारी मुलगी वैतागून म्हणाली, “आंटी, वो कह रही है, और खेलना है।”

परतताना ऑटोत आफ्रिका अव्हेन्यूच्या सिग्नलला ताई म्हणाली, “माझ्या पोरीला काय पाहिजे ते मला दुसऱ्याची पोर सांगते गं.”

तिसऱ्या दिवशी ॲडमिशन झाली. पालकांनाही शनिवारी खुणांच्या भाषेच्या क्लासला बसावं लागतं. त्या संध्याकाळी ताई जेवायला वाढताना जुईशी मराठीत बोलली, मोठ्याने.

आता पुण्यात. जॅकेट छान निघालं. काल व्हिडिओ कॉलवर जुईने हातांनी मला काहीतरी लांबलचक विचारलं. ताई गॅसजवळ होती. जुईने परत विचारलं, सावकाश, मला कळावं म्हणून. मी हसून मान हलवली, हो हो. ती खूश होऊन पळाली.

कुठल्या प्रश्नाला हो म्हटलं, मला माहीत नाही.